दादानं बुजवलेल्या फटी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पार्ल्याच्या घरी पोळ्या लाटत होते. "लगेच ये," एवढंच शेजारची बाई म्हणाली. असे फोन आधीही आले होते, त्यामुळे वर्सोव्याला पोचेपर्यंत मी स्वतःला समजावत राहिले की डायलिसिसला न्यायचं असेल... दादा पलंगावर होता. हात धरला, तर गार. मागच्या दारी खुराड्याजवळ त्याचं स्टूल तसंच होतं आणि फळ्यांच्या एका सांध्यात त्याची सुतारकामाची पटाशी रुतलेली होती. आदल्या संध्याकाळी मी त्याला तिथेच सोडून निघाले होते. "उद्या कर रे, दमलायस," म्हटलं, तर मान वर न करता म्हणाला, "तू जा गो. येवरी एक फट मोकली करू दे."

जनार्दन, माझा थोरला भाऊ. मी शिकून शाळेत शिकवायला लागले आणि तो मिसरूड फुटायच्या आत होडीवर गेला. समुद्रावर असताना त्याच्याइतका आनंदी माणूस कोळीवाड्यात नव्हता आणि किनाऱ्यावर त्याच्याइतका चिडका नव्हता. होडीच्या डागडुजीला त्यानं कधी सुतार बोलावला नाही. मग मूत्रपिंडं गेली, डायलिसिस सुरू झालं, समुद्र बंद झाला, होडी दुसऱ्याच्या हातात गेली. वहिनी आधीच गेलेली, मूलबाळ नाही. ओटीवर बसून तो दिवसदिवस भिंतीकडे बघायचा. एकदा मी डबा घेऊन गेले तर त्यानं माझा हातच धरला. "बाय गो, मना काय तरी जितं दे सांभालाला. नायतर मी मरन." हे तो सहज म्हणत नव्हता. त्याचे डोळे बघून मला घाम फुटला.

तेव्हा आठवलं ते आईचं खुराडं. मागच्या दारी अडगळीत पडलेलं, तिच्यामागे दादाकडे आलेलं. आई मासळीची पाटी घेऊन बाजाराला निघायच्या आधी कोंबड्या सोडायची आणि मगच आम्हाला उठवायची. आता त्याच्या फळ्या खिळखिळ्या झाल्या होत्या, पत्रा सडला होता. दादानं ते अंगणात ओढून काढलं आणि आठवडाभर माणूस बदलला. पत्रा नवा घातला. फळ्या तासल्या. आणि मग होडीचे सांधे भरतात तसे त्यानं फळीन् फळीचे सांधे भरले... कापसाची वात ठोकून ठोकून आत बसवायची आणि वरून राळ-तेलाचा लेप. दारालाही रबराची पट्टी. "घूस काय, मुंगीपन आत नाय जावाची," म्हणाला. मी हसत विचारलं, "अरे, खुराडं करतोयस की होडी?" तर बादलीभर पाणी पत्र्यावर ओतून मला वाकून आत बघायला लावलं. एक थेंब नाही! नवी होडी पाण्यात सोडताना करतात तसं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. उत्तनच्या एका ओळखीच्या बाईकडून गावठी कोंबड्या आणल्या, सोबत एक झकास तांबडा कोंबडा. त्या दिवशी दादा पोटभर जेवला.

ऑक्टोबरचं ऊन होतं. संध्याकाळी त्यानं कोंबड्या कोंडल्या, दार घट्ट लावलं. सकाळी उघडलं तेव्हा सगळ्या मेलेल्या. दाराशी एकमेकींवर चढलेल्या, चोची उघड्या. जन्मभर पाणी आत येऊ नये म्हणून झटलेला माणूस, वारा आत यायला हवा हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. मी पोचले तेव्हा त्यानं त्या अंगणात ओळीनं मांडल्या होत्या. "मीच मारल्या गो," एवढंच म्हणाला.

त्यानंतर दादा डायलिसिसला जायला तयार होईना. मी रडले, ओरडले, पाया पडले, शेवटी शेजाऱ्यांनी उचलून रिक्षात घातलं. तो जात राहिला, पण जायचं म्हणून. मला त्याचा भयंकर राग यायचा. कोंबड्यांसाठी कोणी मरतं का रे? मी त्याची कोणीच नव्हते का? आणि मग ती संध्याकाळ, हातात पटाशी घेऊन बसलेला दादा... मी निघताना जरा आशेनं निघाले होते. दुसऱ्या सकाळी तो गेला.

तेराव्यानंतर उत्तनच्या बाईचा फोन आला. "भाऊंनी परत कोंबड्या सांगितल्यान. कधी न्यायला येतान?" मला काही कळेना. त्यानं पुन्हा सांगून ठेवल्या होत्या आणि मला एका शब्दानं बोलला नव्हता. ते खुराडं फेकून द्या, असं सगळे म्हणत होते. मी म्हटलं, "मीच येते."

मी दादाच्या घरी मुक्काम हलवला. त्याच पटाशीनं एकेक सांधा उचकटायला बसले. त्याचं काम इतकं पक्कं की हाताला फोड आले. कापसाची वात निघायची तिला राळेचा, तेलाचा वास, त्याच्या सदऱ्यांना यायचा तोच. दादाच्या हातचं शेवटचं काम होतं ते, आणि ते मोडल्याशिवाय कोंबड्या जगणार नव्हत्या. मी त्याला शिव्या घालत होते, रडत होते आणि ठोकत होते.

आता कोंबड्या आल्यात. त्यानं मोकळी केलेली फट वीतभरच आहे आणि सगळ्यांत वाकडी. ती मी सरळ केली नाही. रोज सकाळी उठले की आधी खुराड्याकडे जाते. सगळ्या मेलेल्या असतील, ही भीती काही केल्या जात नाही. दार उघडायच्या आधी मी त्या फटीवर तळहात ठेवून उभी राहते. आतून त्यांच्या श्वासांची ऊन वाफ हाताला लागते, आणि मगच मी कडी काढते.