रुळावरच्या मोटारीची चाळणी

आमच्या मिस्त्रींचा जगात एकाच गोष्टीवर भरवसा होता, स्वतःच्या नाकावर. खामगावच्या जिनातलं, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यातलं, तेलाचं इंजिन बिघडलं की ते आधी वास घेत, मगच पान्याला हात घालत. "मशीन खोटं बोलत नाही बाबू, माणूस बोलते," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. मी तेव्हा खामगाव स्टेशनात पार्सलबाबू होतो. हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची गोष्ट. परदेशी विकण्यासाठी विलायतेत बनवलेली एक डिझेलची रेल्वेबस आमच्या जलंब-खामगाव लाईनीवर परीक्षेला आली. वाफ नाही, कोळसा नाही, रुळावर धावणारी मोटारच की! मिस्त्री तिच्यावर फिदा झाले. ती पास होऊन इथे राहिली तर ड्रायव्हर आपणच, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं आणि गल्लीभर सांगूनही झालं.

पण बाईसाहेब रोज अर्ध्या वाटेत तापून उभ्या राहायच्या. सोबतच्या गोऱ्या साहेबाचं म्हणणं, हिला इथलं ऊन सोसत नाही. गाडी परत न्यायची भाषा सुरू झाली आणि मिस्त्री भडकले.

"पौषात कायचं ऊन, बाबू? जिनातली रुई उडून राह्यली, गाडीचं नाक चोंदलं!"

बघतो तर खरंच, इंजिनाला हवा मिळायच्या जागी कापसाची गादीच झाली होती. मिस्त्रींनी ती उपसून काढली, तडक घरी जाऊन बायकोची, म्हणजे आमच्या भाभींची, ज्वारीची चाळणी आणली आणि समोर तारेनं बांधली. थांबा आला की उतरायचं, चाळणी झटकायची, निघायचं. त्या दिवशी गाडी न तापता जलंबला जाऊन परत आली. साहेबानं मिस्त्रींचा हात धरून गदागदा हलवला.

"झाली नोकरी पक्की!" मी म्हणालो. कसली पक्की! पास झाली म्हणूनच ती लगेच दुसऱ्या देशाला विकली गेली, चाळणीसकट. मला फार वाईट वाटलं.

मिस्त्री म्हणाले, "बिमार गेली असती तं मले झोप नसती आली. चंगी होऊन गेली ना!" भाभी मात्र "माही चाळणी समुंदरपार धाडली" म्हणून जन्मभर टोमणे मारत राहिल्या.

मिस्त्रींच्या शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेलो. त्यांना धाप लागली होती. माझा हात धरून त्यांनी विचारलं, "बाबू, तिकडचे लोकं चाळणी झटकत असतील ना?"

"रोज झटकतात. साहेबाचं पत्र आलं होतं," मी ठोकून दिलं.

ते हसले. माझा हात थोपटत म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही, बाबू."