कान असलेलं भांडं

९ फेब्रुवारी १९५५, बुधवार. सकाळी दाट धुकं. पंजाब मेल उशिरा. शेजारच्या भीमराव मोऱ्यांना पोलीस घेऊन गेले.

रोजनिशीत लिहिलेली ही शेवटची ओळ मीच दोनदा वाचली, तरी खरी वाटेना. हिंदी मुलखातल्या आमच्या नगरा वस्तीत त्यांच्याइतका निरुपद्रवी माणूस नव्हता. रेल्वेच्या कारखान्यात ओतकाम करून निवृत्त झाले होते. आता अंगणातल्या भट्टीत हातभर लांबीच्या पितळी तोफा ओतत. लग्नात, दसऱ्याला बार काढायला लोक त्या नेत. पूर्वज किल्ल्यावरचे गोलंदाज, म्हणून त्यांच्या घरात तोफेला जुनाच शब्द होता: भांडं.

त्यांची बायको राधाबाई धावत आल्या. "ताई, चला हो. मुंबईचा साहेब आलाय. तुम्हाला इंग्रजी येतं."

चौकीत गेलो, तर कस्टमचे साहेब मराठीच निघाले. बंदरावर उघडलेली पेटी त्यांच्यापुढे होती, आत मोऱ्यांच्या तोफा. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने त्या परदेशी पाठवायला मागवल्या होत्या आणि पेटीवर लिहिलं होतं 'बर्तन'.

"ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिलेत मी, मोरे."

"लपवलं कुठं, साहेब? मालगोदामातल्या बाबूने विचारलं, 'का है, कक्का?' मी म्हटलं, भांडी. त्याला आपली मराठी येते, त्याचा भारी डौल. 'समझ गए' म्हणाला अन् लिहून मोकळा."

मला हसू आलं. म्हटलं, "साहेब, खेळणी ही. माल बाहेर विका म्हणून सरकारच तर सांगतं."

"विका की! समया विका, घंटा विका." त्यांनी तोफेच्या मागच्या भोकावर बोट ठेवलं. "पण हा कान असला की बत्ती लागते. मग परवाना हवा. कुणाच्या हातात जाणार, ते आधी कळायला हवं." मग भीमरावांकडे वळून म्हणाले, "दिवाळीआधी एक पेटी गेली होती ना?"

"होय. तिकडच्या सणाला."

"सण नव्हता. दोन टोळ्यांचं वैर होतं. खिळे भरून विहिरीवर डागल्या. पाणी भरायला बायका आल्या होत्या."

भीमरावांनी माझ्याकडे पाहिलं. हे खोटं आहे असं मी सांगेन, असं त्यांना वाटलं असावं. माझं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"खिळे?" ते म्हणाले. "आम्ही तर चिंध्या ठासतो."

साहेबांना त्यांचं म्हणणं पटलं. खटला व्यापाऱ्यावर होणार होता. "कान बुजवून द्या," ते म्हणाले. "शोभेच्या म्हणून परवानगी मिळेल. तुमचा धंदा बुडायला नको."

"नको. वितळवतो."

दुपारी शिपायासमोर भट्टी पेटली. पेटीतल्या सगळ्या तोफा मुशीत गेल्या. मग भीमराव घरात गेले आणि देवघराखालचं आजोबांचं भांडं घेऊन आले. दसऱ्याला त्याची पूजा होई. राधाबाईंनी ते दोन्ही हातांनी धरलं.

"अहो, हे कुठं गेलं होतं? हे तर घरातलंच!"

"तोंडापुढे कोण आहे, ते त्याला काय कळतं?" भीमराव म्हणाले आणि राधाबाईंची बोटं एकेक करून सोडवली.

शिपाईसुद्धा "रहने दो, कक्का" म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही.

संध्याकाळी लिहिलं: मोऱ्यांकडे चूल पेटली नाही. दोघांना पिठलं-भात आमच्याकडून. सकाळचं दूध नासलं.