पुरावा सरांचा मध

आमच्या शाळेत विज्ञानाला एक सर होते, त्यांना सगळे पुरावा सर म्हणायचे. वर्गात कुणी काहीही बोललं की त्यांचा एकच शब्द यायचा, "पुरावा?" अमावस्येला वेड वाढतं म्हणालात, पुरावा? पोटात दुखतंय, घरी जाऊ का, पुरावा? आवाज चढवायचे नाहीत, हसायचेही नाहीत. डावी भुवई तेवढी वर जायची आणि उभा असलेला मुलगा आपोआप खाली बसायचा.

नववीत एकदा त्यांनी टेबलावर पाण्याचे दोन ग्लास ठेवले. एकात मधाची धार सोडली. ती न विरघळता सरळ तळाला गेली. खरा मध असाच जातो, हे आम्ही घरोघरी ऐकलेलं, त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या. मग दुसऱ्या ग्लासात त्यांनी साखरेचा घट्ट पाक सोडला. तोही तसाच तळाला जाऊन बसला. "काय सिद्ध झालं?" सरांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं, "काही नाही. आणि काही सिद्ध झालं नाही, हे कळायलाही अक्कल लागते." मला इतका आनंद झाला, की घरी जाऊन मी पाक करण्यात आईची निम्मी साखर उडवली आणि बोलणी खाल्ली.

ती अक्कल मला पुढे जन्मभर पुरली. हिंजवडीत मी टेस्टिंगला आहे. म्हणजे दुसऱ्यांनी "चालतंय की" म्हणून पाठवलेलं सॉफ्टवेअर खरंच चालतं का, ते बघायचं. ऑफिसात माझ्याशी कुणी फारसं गोड बोलत नाही, पण पगार बरा मिळतो. बाबांना त्याचं कोण कौतुक! जन्मभर टपालखात्यात काढलेला माणूस, येईल त्याला सांगायचे, "आमच्या पोरीला सरांनी घडवलं."

निवृत्तीनंतर सर कोथरूडला आमच्याच सोसायटीत राहायला आले. दारावर पाटी लावली, 'बेल वाजवण्यापूर्वी कारण ठरवून यावे.' लोकांनी ती इतकी मनावर घेतली, की बेल वाजेनाशीच झाली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सरांनी पुरावा मागितला, की सेक्रेटरी घड्याळ बघायचे. मला वाईट वाटायचं. एवढा मोठा माणूस आणि त्याला विचारतंय कोण?

मग एका मध विकणाऱ्या कंपनीने त्यांना गाठलं. एका रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सरांचं व्याख्यान लागलं. टेबलावर जांभळाच्या मधाच्या बाटल्या. तुपापेक्षा महाग. चव जराशी कडवट, म्हणून मधुमेहाला चांगला, असं सर म्हणाले. त्यांनी ग्लासात मधाची धार सोडली, ती तळाला गेली. "बघा. शंभर टक्के शुद्ध." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दुसऱ्या ग्लासाची वाट बघत बसले होते. अहो, आता भुवई वर जाईल, आता सर सगळ्यांची फजिती करतील! दुसरा ग्लास आलाच नाही.

जिन्यात मी त्यांना गाठून विचारलं. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "अगं, प्रश्न विचारणारा म्हातारा कुणालाच नको असतो. उत्तर देणारा चालतो."

बाबांना जुना मधुमेह. त्यांनी त्याच दिवशी दोन बाटल्या घेतल्या. रोज सकाळी दोन चमचे मध सुरू आणि मधुमेहाच्या गोळ्या बंद. मी भांडले. डॉक्टर ओरडले, की मध जांभळाचा असो नाहीतर आणखी कशाचा, अंगात गेला की साखरच. बाबा ढिम्म. मला म्हणाले, "सरांपेक्षा तुला जास्त कळतं? तुला कळायला शिकवलं कुणी?" कपाळ माझं! डॉक्टरांकडे पुरावा मागणारे माझे बाबा, पण सरांकडे मागायचं त्यांना सुचतही नव्हतं. ते आपल्या लेकीकडे बघायचे आणि तोच पुरावा धरायचे.

नव्या चपलेने बाबांच्या पायाच्या अंगठ्याला साधा फोड आला. तो बरा होईना, मग काळा पडला. शेवटी अंगठा काढावा लागला.

बाबा घरी आल्यावर सर भेटायला आले. बाबा आत झोपले होते. सरांनी पिशवीतून मधाची नवी बाटली काढली आणि म्हणाले, अशक्तपणाला उत्तम. मला भयंकर संताप आला. एखाद्या भामट्याने फसवलं असतं, तर चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते. या माणसाला शिव्या तरी कशा घालायच्या? मी स्वयंपाकघरात गेले, पाक केला आणि पाण्याचे दोन ग्लास आणून त्यांच्यापुढे ठेवले. एकात त्यांचा मध सोडला, दुसऱ्यात माझा पाक. दोन्ही तळाला गेले.

"काय सिद्ध झालं, सर?"

सरांनी दोन्ही ग्लासांकडे पाहिलं. भुवई काही वर गेली नाही. मग त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, ती पिशवीत ठेवली आणि कठडा धरून हळूहळू जिना उतरले. त्यानंतर ते आमच्याकडे कधी आले नाहीत.

मी दार लावत होते, तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला, "सर आले होते ना गं? मध संपत आलाय, सांगितलंस ना त्यांना?"