ओबेडची हॅट

१४ ऑक्टोबर १७५४. सकाळी धुकं, दुपारी ऊन. नावाडी ओबेड हार्वुड याला आज वसाहतीच्या लोकांनी निवडलेल्या सभेने तुरुंगात टाकलं. घडलं तसं लिहिते.

ओबेड क्वेकर. त्याच्या पंथात देवाखेरीज कुणापुढे हॅट उतरवत नाहीत आणि लहानथोर सगळ्यांना एकेरीच हाक मारतात. पंचवीस वर्षं तो चेसापीकच्या उपसागरात नाव चालवतो. माझ्या यजमानांची शवपेटी त्यानेच पलीकडे नेली, हॅट घालूनच. मी कॅथलिक, फ्लँडर्सच्या मठात नन्सकडे शिकलेली. तो मला चिडवायचा, "बाई, तुझे गुडघे झिजले आणि माझी हॅट."

जूनमध्ये राजाच्या गव्हर्नरने त्याला बोलावून बजावलं, की सभेच्या दिवशी पलीकडचे सभासद आणायचे नाहीत. माणसं कमी पडली की सभा भरणार नाही आणि सभेचं त्याच्याशी चाललेलं कराचं भांडण बारगळेल, असा डाव. ओबेड हॅट घालूनच म्हणाला, "ज्याला यायचंय त्याला मी आणतो. तुलाही आणेन." दुसऱ्या दिवशी सगळे सभासद हजर. त्यांनी ओबेडला खांद्यावर घेतलं, सभापतींनी त्या हॅटचा मुका घेतला.

गव्हर्नर नेमकं काय म्हणाला हे सांगायला आज सभेने ओबेडला साक्षीला बोलावलं. त्याची बायको केझाया आणि मी उघड्या खिडकीखाली उभ्या होतो.

"हॅट काढ," सभापती म्हणाले.

"जूनमध्ये तूच हिचा मुका घेतला होतास."

हशा पिकला. सभापती हसले नाहीत. "तेव्हा समोर गव्हर्नर होता. ही जनतेची सभा आहे."

"मग मी कोण?"

हशा थांबला. सभेचा अपमान झाला, असा ठराव आला. गुडघे टेकून माफी, नाहीतर तुरुंग. जूनमध्ये खांद्यावर घेणाऱ्यांनीच ठरावाच्या बाजूने हात वर केले. मी मोजायचं विसरून नुसती बघत राहिले. ओबेड उभाच राहिला. शिपायाने हॅट उडवली, ती खिडकीतून आमच्या पायाशी चिखलात पडली.

शेजारी उभा असलेला कारकून म्हणाला की माफी न मागणारा सभेचा कैदी सभा बरखास्त झाली तरच सुटतो, आणि ती बरखास्त करायचा अधिकार एकट्या गव्हर्नरचा.

केझायाने माझा हात घट्ट धरला. "म्हणजे मी गव्हर्नरच्या दारात जायचं?"

सभा मोडावी हेच तर त्याला जूनपासून हवं होतं. आम्ही तुरुंगाच्या गजांशी गेलो. ओबेडचे केस मी आज पहिल्यांदा पाहिले, अगदी पांढरे. तिने विचारायच्या आधीच तो म्हणाला, "त्याच्याकडे जाऊ नकोस. हॅट सापडली तर जपून ठेव."

केझाया आज माझ्याकडेच राहील. तिच्यासाठी जास्तीची रजई काढली. हॅट धुऊन चुलीजवळ वाळत ठेवली आहे.