दोन वायसरचा प्लग

स्कूटरचा स्पार्क प्लग बदलायची वेळ आली की मला आजही हसू येतं आणि काल्हेरची ती रिक्षावाली आठवते.

तिची रिक्षा चोरीला गेली तेव्हा मी भिवंडीत तपास अधिकारी होतो. शाळेच्या मुलांच्या ने-आणीवरच बाईचं पोट. रोज सकाळी ती पोलीस ठाण्यात हजर. "साहेब, शाळा उघडायच्या आत गाडी न्हाय मिळाली, तर पोरं दुसऱ्याच्या रिक्षात जातील. मंग मी काय करू?"

एक दिवस खबर आली. राहनाळला एका गोदामामागे ताजा रंग दिलेली रिक्षा उभी होती. आम्ही रिक्षा आणि ती बाळगणारा, दोघांनाही ठाण्यात आणलं. चेसिस आणि इंजिनचे नंबर घासलेले. गडी मात्र बिलंदर. "साहेब, पाच साल से मेरी है. इंजिनचं काम मीच करतो. प्लगपण मागच्या हप्त्यात नवीन टाकला." घासलेल्या नंबरांवर प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत दिवाळी उजाडली असती.

बाईनं रिक्षाभोवती एक फेरी मारली. "प्लग काढा. खाली दोन वायसर निघतील. न्हाय निघाले तर गाडी याची."

"वॉशर दोन कशाला?"

"दुकानदारानं लांब आट्यांचा प्लग गळ्यात मारला व्हता. पिस्टनला लागंल म्हणून मीच तांब्याचा जादा वायसर घातला."

दोन पंचांसमोर मेकॅनिकनं प्लग काढला. काजळी धरलेला जुनाच प्लग, खाली दोन वायसर! गड्यानं मान खाली घातली. त्यानं रंग बदलला, हूड बदललं. पण चालू इंजिनचा प्लग कोण बदलतो? संध्याकाळपर्यंत त्यानं चोरी कबूल केली. हवालदारांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, मीही वाजवल्या.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी न्यायालयाच्या आदेशानं रिक्षा तिच्या ताब्यात दिली. मी मोठ्या ऐटीत नवा प्लगही आणला होता, पंचनाम्यात लिहिला होता तस्साच. तिनं तो पाहिला आणि खळखळून हसली.

"अवं साहेब, ह्यो बी लांबच! पंचनाम्यात काय सापडलं ते लिवलंय. इंजिनाला काय लागतंय ते न्हाय."

उभ्या नोकरीत मी ढीगभर पंचनामे लिहिले. जे सापडतं ते बरोबरच असतं असं नाही, हे मला त्या बाईनं शिकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यासमोर ओळखीचा भोंगा वाजला. रिक्षातल्या पोरांनी मला सलाम ठोकला. मी उलट सलाम केला, तो मात्र पुढच्या सीटला.