विहिरीतली बाग

"थांब, ऊन आत उतरू दे," असं म्हणत चाचा विहिरीच्या काठावर पालथे पडायचे आणि दोन्ही तळहात डोळ्यांच्या कडेला धरून आत बघत राहायचे. अकोटात, कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या त्या जुन्या विहिरीवर भर दुपारी कुणी पालथं पडलेलं दिसलं, की ते पेटीवाले चाचाच, हे तुमच्या-माझ्यासारख्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ठाऊक असायचं.

चाचा लग्नातल्या पत्र्याच्या पेट्या रंगवायचे. बाकीचे गुलाब आणि मोर काढायचे. चाचांच्या झाकणावर पाण्याखालची बाग असे. शेवाळाच्या लांब हिरव्या वेण्या, त्यांतून वळणारे मासे, वरून उतरलेली उन्हाची पट्टी. प्रत्येक पेटीआधी विहीर बघायचीच, हा त्यांचा नेम. काल बघितलेली आज चालत नसे.

"चाचा, इहिरीत काय पाहून राह्यले?" कुणीतरी छेडायचं.

"तुई अक्कल पडली म्हनते, ते दिसते का पाहून राह्यलो."

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. अमरावतीला शिकायला निघालो तेव्हा आईनं गंजलेली पेटी दिली होती. चाचांनी ती न सांगता रंगवून दिली. होस्टेलवर घरची आठवण आली, की मी त्या माशांकडे बघत पडायचो.

मास्तर होऊन परतलो तोवर पाऊस हुलकावण्या देऊ लागला होता. शिवारभर बोअर झाले आणि विहीर आटली. त्याच वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. तिला चाचांचीच पेटी हवी होती. चाचा रोज दुपारी जाऊन पालथे पडत. आत भेगाळलेला गाळ आणि एक तुटकी चप्पल.

"इतक्या वर्षांची बाग तुमच्या डोक्यात असंल ना, चाचा?"

"डोक्यातली काढली तं ते माही बाग झाली, मास्तर. इहिरीची नाही."

शिकलेल्या माणसाला वाटतं, प्रत्येक गोष्टीवर इलाज असतो. मी त्यांना एसटीनं अकोल्याला नेलं. तिथं शोभेचे मासे विकणारं एक दुकान होतं. मोठी काचेची टाकी, बुडबुडे, हिरवीगार झाडं. चाचांनी तळहात डोळ्यांशी धरले, बराच वेळ बघितलं.

"या झाडाइले ऊन लागत नाही का?"

"प्लास्टिकचे हायेत, चाचा," दुकानदार हसला. "कायचं ऊन!"

परतीच्या एसटीत त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू मनापासून आनलं, बेटा." एरवी ते मला मास्तर म्हणत. मी तोंड फिरवलं. खिडकीबाहेर कपाशीची करपलेली पऱ्हाटी होती, तिकडेही बघवेना.

लग्नाच्या सकाळी पेटी आली. झाकणाच्या कडेनं विहिरीचे दगड, एकेक चीर, चिरेतलं पिंपळाचं रोपटंसुद्धा. मध्ये कोरा पत्रा.

"पानी आलं का भरून देतो, बाई," चाचा खाली बघत म्हणाले. वऱ्हाडातल्या बायका कुजबुजल्या.

"मी पेटी घेऊन येईन, चाचा," बहीण म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात चाचा गेले. त्यानंतरचा पाऊस भरभरून झाला, ओढ्याचं पाणी माशांसकट विहिरीत उतरलं. दिवाळीला बहीण माहेरी आली, ती पेटी घेऊनच. "तू तरी काढ ना, दादा," म्हणाली.

दुपारी मी विहिरीवर पालथा पडलो. तळहात डोळ्यांशी धरले, ऊन आत उतरेपर्यंत थांबलो. वेण्या हलत होत्या. मासे वळत होते. सगळं दिसलं.

घरी येऊन झाकणासमोर बसलो. भरून देतो म्हणाले होते ते चाचा, मी नव्हे. ब्रश हातात घेतला आणि संध्याकाळी तसाच कोरडा ठेवून दिला.