चेंचो परत येतो तो प्रसंग

फिदेन्सिया माझ्याहून थोडी मोठी. तिच्या चेंचोच्या बाप्तिस्म्याला मी धर्मआई म्हणून उभी राहिले, आणि तेव्हापासून आम्ही एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणू लागलो. सख्ख्या बहिणीशी अबोला धरता येतो, कोमाद्रेशी नाही. आमच्या ला नोरिया गावात माझी मका दळायची गिरण आहे. फिदे रोज सकाळी शिजवलेल्या मक्याची बादली घेऊन यायची, पीठ होईपर्यंत दाराशी बसायची आणि गावाची खबरबात माझ्या कानात ओतून जायची.

तिचा नवरा खाणीतली धूळ छातीत भरून लवकर गेला. मग ती डोंगरावरून घायपात आणून खरवडायची, वाख काढायची, दोर वळायची. त्या चिकानं तिचे हात कायम सोललेले असायचे. चेंचो एकुलता एक. मिसरूड फुटलं तसा तोही इतर पोरांसारखा सीमेपलीकडे गेला. ह्यूस्टनहून त्याचा फोन आला होता.

"आई, छपरं घालायचं काम मिळालंय. ऊन आपल्याकडच्यासारखंच आहे, फक्त इथं ते इंग्रजीत भाजतं."

आम्ही दोघी खूप हसलो होतो. मग फोन विरळ झाले. मग एके दिवशी तो नंबरच लागेना. पलीकडून कुणीही परतलं, की फिदे त्याच्या दाराशी उभी. कुणी म्हणे, त्यानं तिकडं संसार थाटला. कुणी म्हणे, दुसऱ्या राज्यात गेला. काहीजण तिच्याकडे न बघता बुटाच्या नाड्या बांधत बसायचे, आणि मला त्यांचीच जास्त भीती वाटायची.

अशी वर्षं गेली, आणि राजधानीतून रेनाता आली.

पोरसवदा बाई, केस बारीक कापलेले, पायात रानात चालायचे बूट. तिला तिचा पहिला चित्रपट करायचा होता: मुलाची वाट बघणाऱ्या आईचा. नट्या नको होत्या, खरी बाई हवी होती. गावानं अर्थातच फिदेचं दार दाखवलं.

"मला नाही जमायचं," फिदे म्हणाली. "मला फोटोतसुद्धा डोळे उघडे ठेवता येत नाहीत."

"तुम्हाला काही करायचं नाही, दोन्या फिदे. तुम्ही जशा आहात तशाच राहा." थोरामोठ्या बाईला आमच्याकडे 'दोन्या' म्हणतात, तीही तसंच म्हणायची.

"ते तर फुकटही करते मी. त्याला यंत्रं कशाला हवीत?"

रेनाता हसली. दोन-तीन दिवस ती नुसती येऊन बसायची, वाख पिळू लागायची, हात सोलून घ्यायची. मग फिदेनं एक दिवस विचारलं, "हा सिनेमा कुठं कुठं दाखवणार?"

"सगळीकडे. जमेल तिथं सगळीकडे."

"पलीकडेपण?"

"पलीकडे तर नक्कीच."

दुसऱ्या दिवशी गिरणीत फिदे माझ्या कानाशी आली. "कोमाद्रे, मी हो म्हणाले. तो कुठंतरी बसलेला असेल, समोर पडदा असेल आणि पडद्यावर मी. आपली आई बघितल्यावर तरी फोन करेल की नाही?"

मी म्हटलं, "करेल. नाही केला तर कान धरून आणू."

हिवाळाभर शूटिंग चाललं. फिदे दारात बसते, फिदे घायपात खरवडते, फिदे वाट बघते. आमचे लोक भिंतीवर चढून बघायचे आणि कंटाळून उतरायचे. तोमासा भाजीवाली म्हणाली, "एवढी यंत्रं आणून बाईला नुसती बसवून ठेवलीय! माझ्या नवऱ्याला घ्या की, तो जन्मभर बसलाय."

शेवटी मुलगा परत येतो तो प्रसंग होता. मुलाचं काम करायला शहरातून ब्रूनो नावाचा नट आला होता. उंच, अंगानं किडकिडीत, चेहरा साधा. जेवणाचं ताट शूटिंगवाल्यांनी आणलेलं होतं, पण फिदेनं ते बाजूला सारलं. "हे गार अन्न मी कुणाच्या मुलाला वाढणार नाही." तिनं स्वतः घेवडा शिजवला, कोवळ्या निवडुंगाची भाजी केली, तव्यावर मक्याच्या भाकऱ्या टाकल्या.

ब्रूनो दारात आला. गोष्टीतल्या मुलाचं नाव दुसरंच होतं, ते फिदेला पाठही करून घेतलं होतं. पण तिच्या तोंडून निघालं, "चेंचो." ती उठली, तिनं त्याच्या मानेवर हात ठेवला, जसा तापलेल्या लेकराच्या ठेवतात, आणि म्हणाली, "हात धू. किती वाळलास रे." तो जेवायला बसला, आणि ती एकेक भाकरी तव्यावरून थेट त्याच्या हातात देत राहिली. यंत्र धरलेला माणूस रडत होता. मी भिंतीपलीकडे उभी होते, माझ्याही शालीचं टोक ओलं झालं.

त्यानंतर कितीतरी दिवस फिदे हलकी होती. "माझी तालीम झाली गं," म्हणायची. "आता खरा आला तर मी गडबडणार नाही."

वर्षभरानं बातमी आली. चित्रपटाला परदेशात कुठल्याशा मोठ्या महोत्सवात बक्षीस मिळालं होतं. शाळेतला मास्तर लेओबार्दो गिरणीत येऊन फोनवरून वाचून दाखवायचा. पहिल्याच चित्रपटात एवढी समज, एवढा संयम, असं समीक्षकांनी लिहिलं होतं. एकानं लिहिलं होतं की या बाईचा चेहरा म्हणजे दुष्काळानं भेगाळलेली जमीन आहे.

"म्हणजे सुरकुत्या," फिदे म्हणाली. "ते मला आरशानं आधीच सांगितलंय. ह्यूस्टनला दाखवला का, ते बघ."

मास्तरनं शोधलं. मग रेनातालाच फोन लावून दिला.

"दोन्या फिदे, सगळे तुमच्याबद्दल बोलतायत!"

"बरं झालं बाई. पलीकडे लागला का सिनेमा?"

"दोन खेळ झाले. एका विद्यापीठात. लोक उठून उभे राहिले."

"छपरं घालणारी माणसं तिथं जातात का?"

"दोन्या फिदे, हा तसा... सगळ्या थिएटरांत लागणारा सिनेमा नसतो."

"मग कुणासाठी असतो?" तिनं रागानं नाही, खरंच माहीत नव्हतं म्हणून विचारलं. रेनाता म्हणाली, मी गावात येऊन दाखवणार आहे, तेव्हा बोलू.

ती आली, शब्द पाळून. चर्चच्या सभागृहाच्या खिडक्यांना घोंगड्या लावून दुपारी अंधार केला. सगळा गाव जमला. सोबत राजधानीतले एक समीक्षकही होते, ओर्दोन्येझ नावाचे. म्हातारे, मऊ बोलणारे. फिदे पहिल्या रांगेत, इस्त्री केलेल्या झग्यात. मी शेजारी.

पडद्यावर आमची गल्ली बघून लोक आधी ओरडले, एकमेकांचे कुत्रे ओळखले. मग हळूहळू गप्प झाले, मग खुर्च्या कुरकुरू लागल्या. फिदे मात्र पुढं झुकून बसली होती. मध्येच माझा हात दाबून म्हणाली, "आता शेवटी येईल बघ."

शेवटी पडद्यावर दार दिसलं. उघडं दार, त्यात ऊन. फिदे चुलीशी बसलेली. दार तसंच राहिलं. कितीतरी वेळ तसंच. मग अंधार झाला आणि नावं वर सरकू लागली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण पुढं पाहुणे उभे होते. फिदे हलली नाही.

"यंत्र बिघडलं वाटतं," ती म्हणाली.

रेनाता तिच्यासमोर गुडघ्यावर बसली. "नाही, दोन्या फिदे. मी तो प्रसंग चित्रपटात ठेवला नाही. खूप महिने झगडले मी त्याच्याशी. तो परत आला असता ना, तर चित्रपट खोटा झाला असता."

"खोटा कसा? मी जेवायला वाढलं त्याला."

ओर्दोन्येझ हळूच म्हणाले, "बाई, सगळ्यांनी याच शेवटाची तारीफ केलीय. तो येत नाही, हे दाखवायची हिंमत. मीसुद्धा तेच लिहिलं."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी," ते म्हणाले. त्यांना वाटलं, तिला आनंद होईल.

रेनाता वाईट पोर नव्हती. जाताना रडली, आणि आठवड्यात तो कापलेला भाग मास्तरच्या फोनवर पाठवला. आम्ही गिरणीत बसून बघितला. चेंचो म्हणून ब्रूनो दारात येतो, फिदे उठते. मग कुणीतरी ओरडतं, "पुन्हा," आणि तो वळून बाहेर जातो. परत येतो. "पुन्हा." परत बाहेर जातो. जेवणाचा भाग बराच पुढं होता, मास्तर तिथं न्यायला लागला, पण फिदेनं त्याचा हात धरला.

"राहू दे. हा तर दर वेळी निघूनच जातोय."

त्या दिवसापासून तिनं परतणाऱ्यांच्या दारी जाणं सोडलं. बस आली तरी मान वर करेना. मी चिडवून बघितलं, शिव्या देऊन बघितल्या, नवसाचं नाव काढलं. ती नुसती पीठ घेऊन जायची. हळूहळू पीठही कमी नेऊ लागली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी फादर गिरणीत आले. म्हणाले, "दोन्या ओलिवा, तुमच्या कोमाद्रेनं चेंचोच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून मिस्सा सांगितलीय. तुम्हाला माहीत आहे का?"

मी गिरण बंद केली आणि तशीच पिठाच्या हातांनी तिच्या घरी गेले.

"फिदे, डोकं फिरलंय का तुझं? ना प्रेत, ना बातमी. जित्या पोराची मिस्सा करतेस? मी त्याची धर्मआई आहे, मला विचारलंस?"

ती घायपात खरवडत होती. थांबली नाही.

"तू आणि मी काय, दोन अडाणी बाया. तो येईल म्हणणाऱ्या आपण दोघीच. त्या सिनेमावर लिहिणाऱ्यांनी किती जग बघितलंय, ओलिवा. किती देशांतली माणसं. कुणी एकानं तरी लिहिलं असतं की तो आला पाहिजे होता. एकानंही नाही लिहिलं."

"अगं, ते सिनेमाबद्दल बोलत होते! चेंचोला ओळखतं कोण त्यांच्यातलं?"

"मलाही कुठं ओळखत होते? तरी माझं सगळं बरोबर लिहिलं."

मी पिठाचे हात पुसले आणि गिरणीत परत आले.

मिस्सा झाली. फादरनी मृतांमध्ये त्याचं पूर्ण नाव घेतलं, क्रेसेन्सियो, आणि सगळे 'आमेन' म्हणाले. मी तोंड मिटून उभी राहिले. फिदे 'आमेन' म्हणाली, स्पष्ट आवाजात.

रेनाताचं आता मोठं नाव आहे, असं मास्तर सांगतो. दर वर्षी कुणीतरी शिकणारी पोरं फिदेचं घर बघायला येतात. ती त्यांना दारात उभं राहून फोटो काढू देते आणि आत जाते. गेल्या खेपेला एका मुलीनं तिला विचारलं, "तुमचा स्वतःचा मुलगा आहे का?"

"होता," ती म्हणाली, आणि तिला पाणी आणून दिलं.